जीपखालचं पोतं

आज आमच्या शेतातल्या जीपचं इंजिन ऑइल मी सोता बदललं.

दीर म्हणे, "वहिनी, हे बायाचं काम नोय. नट ढिला राहीन."

काहून? याच जीपनं कारल्याचे क्रेट चिखलातून मालेगावले कोण नेते? मीच ना.

पाण्याच्या कोरड्या चारीच्या दोन्हीकडं चाकं ठेवून जीप उभी केली अन् मी खाली शिरली. नट खोलून काळं ऑइल घमेल्यात काढलं, फिल्टर बदलला, नट घट्ट आवळला, नवीन ऑइल भरलं. जुनं ऑइल कारल्याच्या मांडवाच्या बल्ल्यायले लावलं, वाळवी लागत नाही.

तरी दिरानं जीपखाली पांढरं पोतं अंथरलं. म्हणे, "संध्याकाळी दिसंल किती गळते."

आत्ता पाहिलं. पोतं कोरडं.

"वहिनी, उचला ते पोतं."

"भाऊजी, ज्यानं अंथरलं त्यानं उचलावं."

पोतं अजून तिथंच आहे. बायांनो, सांगा, मी कायले उचलू?