वाळूवरचा सातबारा

कतारमध्ये माझ्या नावावर चिमूटभर वाळूही नाही. तरीही एका शुक्रवारी सकाळी मी तिथे जमिनीच्या हद्दीवरून भांडलो आणि समोरच्याला अख्खा समुद्रकिनारा सोडून दिला.

समोरचा कोण, ते येईलच. आधी विलासराव.

विलासराव माझे साडू. दुखानला तेल कंपनीत इंजिनिअर. घर कंपनीचं, दारातलं झाडही कंपनीचं. मी या देशात एसीचे डक्ट बसवायला आलो आणि आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. माझ्या दारातलं झाड मी घासाघीस करून घेतलंय. (कुंडीसकट.) दर हिवाळ्यात आम्ही काही मराठी कुटुंबं दुखानच्या पुढे किनाऱ्यावर तंबू ठोकून राहतो. तिथे खरी जागा एकच: मोठ्या खडकाच्या आडोशाची, समुद्राकडे तोंड असलेली. गेल्या वर्षी ती विलासरावांनी पटकावली. किनाऱ्याला खेटून राहणारा माणूस आधी पोचला, यात कसलं आलंय कर्तृत्व? माझ्या वाट्याला आली ती सगळ्यांच्या शेगड्यांचा धूर जमतो ती जागा. तो धूर माझ्या डोक्यातून वर्षभर गेला नव्हता.

यंदा तर प्रश्न इभ्रतीचा होता. सासूबाई आल्या होत्या. जन्म माण तालुक्यातला, सगळं आयुष्यही तिथेच. दोह्यात आल्या आल्या मी त्यांना समुद्र दाखवायला नेलं, तर म्हणाल्या, "ह्यो तर कठडा बांधलेला तलाव. मला मोकळा दाखवा. सकाळी डोळं उघडलं की म्होरं समुद्र पायजे. ज्याच्या तंबूतनं दिसंल, त्याच्या तंबूत मी झोपणार."

सहलीनंतर चार दिवसांनी त्यांचं परतीचं विमान. सासू एक, जावई दोन.

विलासरावांनी ग्रुपवर नियम टाकला: सर्वांनी पेट्रोल पंपावर जमायचं, मी हॉर्न वाजवला की निघायचं, जो आधी आखेल त्याची जागा. माझी मुलगी इरा आठवीत. तिने तो मेसेज वाचला आणि उडालीच.

"बाबा, धिस इज लिटरली माय प्रोजेक्ट!"

अमेरिकेत म्हणे सरकार असंच बंदुकीचा बार काढायचं आणि लोक घोडागाड्या घेऊन मोकळ्या जमिनीवर तुटून पडायचे. जो खुंटी ठोकेल, त्याची जमीन.

"मोकळी होती?" मी विचारलं.

"नो. तिथे आधीपासून लोक राहायचे. त्यांना कोणी विचारलंच नाही."

"आणि बार निघायच्या आधीच जाऊन कोणी खुंटी ठोकली तर?"

"बाबा, दॅट्स चीटिंग."

"त्याला नियोजन म्हणतात," मी म्हणालो.

शुक्रवारी झुंजुमुंजू होताना मी, इरा आणि सासूबाई किनाऱ्यावर हजर. बायको तंबू आणि डबे घेऊन बहिणीबरोबर रीतसर मागून येणार होती. गाडीत वर्कशॉपमधली चुन्याची गोणी होती. गावाकडे कबड्डीचं मैदान आखायला फक्की मारतात, तसाच मोठा चौकोन आखायचा बेत होता. दोरी कोणीही सोडून नेईल. फक्की म्हणजे सातबारा.

फक्त धुकं होतं.

धुकं म्हणजे असं की गाडीतून उतरलो आणि चार पावलांपलीकडचं काही दिसेना. "दिवे चालू ठेव," इराला म्हणालो आणि निघालो. दहा-बारा पावलांवर मागे पाहिलं. दिवे नव्हते. गाडी नव्हती. त्या किनाऱ्याला लाटांचाही आवाज नाही, पाणी मेल्यासारखं पडून असतं. वारा पडलेला. सगळीकडून सारखाच पांढरा उजेड येत होता आणि त्यात माझी सावलीसुद्धा पडत नव्हती. मी अंदाजाने फक्की सोडत गेलो, अंदाजाने वळलो, परत वळलो.

आणि थांबलो. समोर, वाळूवर, पांढरी रेघ होती. आडवी. ताजी.

कोणीतरी माझ्या आधी आलं होतं.

"विलासराव," मी ओरडलो, "हॉर्न कुणी वाजवला हो तुमचा?"

रेघेच्या कडेने चपलांचे ठसे गेलेले. गाडीच्या चाकांची खूण मात्र कुठेच नाही. मी वाकून पाहिलं. डाव्या टाचेवर जरा जास्त भार देऊन चालणारा माणूस. मी माझा डावा पाय त्या ठशावर ठेवला. तंतोतंत बसला. लांबून, भलत्याच बाजूने, सासूबाईंची हाक आली, "जावईबापू, समुद्र कुठं हाय?" आणि धुक्यात विरली.

तेवढ्यात रेघेपलीकडे कोणीतरी श्वास घेतला.

लांब, जड श्वास. मग धुक्यातच एक उंच आकार. माणसापेक्षा उंच. मान हलली आणि थांबली. मी एक पाऊल मागे घेतलं. पण मी धंदेवाला माणूस. घाबरलेलं दाखवलं की भाव पडतो.

"हे बघा," मी हिंदीत सुरुवात केली, "जो कोई भी हो आप, बैठ के बात करते हैं. आधा-आधा."

समोरचा गप्प बसला की समजावं, तो कच्चा नाही.

"ठीक है. खडक की तरफ का आपका."

"हं," असा घशातून आवाज आला. नकाराचा.

"खडक भी और दो गाड़ी की पार्किंग भी. यल्ला, खलास करो."

आकार एक पाऊल पुढे आला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "समुद्र की पूरी साइड आपकी. इससे ज्यादा नहीं होगा!"

तो थांबला. सौदा पटला होता. मी शब्दाला पक्का, तिथल्या तिथे समुद्राकडची रेघ पायाने पुसून टाकली.

"बाबा?" मागून इराचा आवाज आला. ती पांढऱ्या रेघेवरून चालत मला शोधत आली होती. "तुम्ही उंटाशी बोलताय?"

धुकं जरा विरळ झालं. उंटच होता. शांतपणे रवंथ करत मला न्याहाळत होता. त्याहून वाईट म्हणजे मी आखलेला चौकोन दिसायला लागला. चौकोन कसला, जिलबी होती. माझीच रेघ फिरून येऊन माझ्याच रेघेला आडवी गेली होती. ते ठसे माझे होते. अतिक्रमण करणारा मी आणि तक्रारदारही मीच.

"जमीन आधी त्याचीच होती, बाबा," इरा म्हणाली. "निदान तुम्ही त्याला विचारलं तरी."

बाकीचे रीतसर हॉर्न वाजवून आले. मी शब्द देऊन मोकळ्या केलेल्या जागेवर विलासरावांनी बरोबर तंबू ठोकला. सासूबाईंची वळकटी तिकडे गेली. पाठोपाठ माझी बायकोही बहिणीकडे गेली, म्हणाली, "आईला सोबत नको का?" मी, इरा आणि जिलबी उरलो. उंट हद्दीवर बसला.

संध्याकाळी इराने शेकोटीपाशी प्रोजेक्ट वाचून दाखवला. अमेरिकेत म्हणे आधी नुसता प्रदेश असायचा, त्यावर बाहेरून नेमलेला गव्हर्नर. मग वस्ती पुरेशी वाढली की लोक स्वतःची घटना लिहितात आणि राज्य मागतात. मंडळींना कल्पना फार आवडली. पाणी, भांडी, मोबाइलवरची गाणी यांचे नियम झाले आणि छावणी राज्य झाली. विलासराव टाळ्यांच्या गजरात प्रमुख.

"आणि यांचा भाग?" विलासरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तो अजून प्रदेशच राहील, काका," इरा म्हणाली. "पॉप्युलेशन कमी पडतंय."

सकाळी जाग आली तर पुन्हा तेच धुकं. तंबूच्या दारात पांढरं काहीतरी उभं होतं. मी दचकून उठून बसलो. पातळाचा पदर डोक्यावर घेतलेल्या सासूबाई होत्या, माझ्या रेघेवरून चालत आलेल्या.

"आई, समुद्र बघायचा सोडून इकडे?"

"कुठला समुद्र! तिकडं पांढऱ्याबिगार काय बी दिसत न्हाई. विलासराव म्हणत्यात, थांबा, थांबा. किती थांबायचं? तुमच्याकडं निदान उंट तरी दिसतोय." त्या ऐसपैस बसल्या. "काल ह्याच्यासंगं बोलणी कशी केलीत, ती जरा करून दाखवा."

मला आतून उकळ्या फुटत होत्या. विलासरावांचा समुद्र त्यांच्याजवळच राहिला आणि सासूबाई माझ्या दारात! इराने डोळे चोळत जाहीर केलं की वस्ती वाढली, आता आपणही राज्य मागू शकतो, फक्त प्रमुख निवडावा लागेल. मी तिथल्या तिथे उमेदवारी जाहीर केली आणि स्वतःला मत दिलं.

सासूबाईंनी उंटाला दिलं. इराने आपलं मत गुप्त ठेवलं, पण निकाल लागला तेव्हा उंट निवडून आला होता.