हेमाताईंचं ‘बरं’

आमच्या हेमाताईंचा घात एका शब्दाने केला, आणि तो शब्द ठरला तेव्हा मी शेजारी बसून वडापाव खात होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, सरोजने स्वतःचं तेवढं झाकलं.

वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस. आम्ही ‘पारखी’ नावाचं एक्स्टेन्शन चालवतो. ब्राउझरला जोडलं की प्रत्येक व्हिडिओखाली एक पट्टी येते आणि विचारते, कसा वाटला? पाच बटणं असतात, लोक दाबतात. सरासरी चांगली आली तर पट्टी हिरवी, नाहीतर पिवळी, आणि पिवळीवर लिहिलेलं, ‘नाही बघितलात तरी चालेल.’ यावर लोकांच्या ज्या सूचना, तक्रारी, शिव्या येतात, त्यातल्या हिंदी मी बघते आणि मराठी हेमाताई बघायच्या.

हेमाताई डोंबिवलीच्या, सत्तेचाळीस वर्षांच्या. मराठी घेऊन बी.ए., पहिला वर्ग, आणि मग पंचवीस वर्षं घर एके घर. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना सगळे दादा म्हणतात. नोकरी लागली तेव्हा नवऱ्याने, मधुकरने, अट घातलेली. सहा महिन्यांत कायम झालीस तर कर, नाहीतर घरी बस आणि दादांकडे बघ. अट म्हणे! मी असते तर त्याच्या हातात दादांचं भांडं देऊन निघाले असते. ताई नुसत्या ‘हो’ म्हणाल्या.

घरी जाताना शीळफाट्याला ऑफिसची गाडी तासभर अडकली की आम्ही सगळे ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडतो. ताई मात्र खिडकीला डोकं टेकून शांत. एकदा म्हणाल्या, “सरोज, दिवसातला हा एकच तास असा आहे की माझ्याकडे कुणी काही मागत नाही.” आता बोला! ट्रॅफिकमध्ये सुटका शोधणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

त्या नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात विनीत सरांनी, म्हणजे आमच्या टीम लीडने, पाच बटणांची मराठी नावं मागितली. ताईंनी लिहिली: उत्तम, छान, बरं, कंटाळवाणं, टाकाऊ. मधलं बटण म्हणजे धड चांगलं नाही, धड वाईट नाही. “बरं एकदम फिट्ट बसलंय ताई,” मीच म्हणालेले, भरल्या तोंडाने.

पाचव्या महिन्यात कोपरीहून दौलतकाकांचा अभिप्राय आला. रिटायर्ड फिटर, अडुसष्ट वर्षांचे, घरच्या घरी मिक्सर, इस्त्री दुरुस्त करायचे व्हिडिओ करतात. आमच्या त्या एवढ्याशा चौकोनात माणसाने रीतसर पत्र लिहिलेलं. “स. न. वि. वि. तुमच्या पट्टीने माझ्या सर्व व्हिडिओंना पिवळे लावले आहे. माझे काय चुकते ते कळवावे. दुरुस्त करीन. जन्मभर तेच केले आहे.”

ताईंनी आकडे काढले. शंभरातल्या सत्तर जणांनी ‘बरं’ दाबलेलं. आणि खाली त्याच लोकांच्या कॉमेंट, ‘काका, बरं समजावलंत, माझा मिक्सर सुरू झाला.’ ताईंनी कपाळाला हात लावला.

“अगं सरोज, आमचे दादा बघ. हिंडते-फिरते होते तेव्हा माझ्या पुरणपोळ्या खाऊन एकदा ताटावरून उठताना म्हणाले, बऱ्या झाल्यात. सासूबाई मला आत येऊन म्हणाल्या, हेमा, तुला बक्षीस मिळालं. आपल्याकडे चांगल्याला बरंच म्हणतात गं! आणि मी ते मधल्या बटणावर नेऊन ठेवलं.”

त्या तडक विनीत सरांकडे गेल्या. सर म्हणाले, “शब्द बदलला तर आधीचे सगळे आकडे बाद होतील. पाच भाषांत एकट्या मराठीलाच प्रॉब्लेम कसा? पुढच्या वर्षी बघू.” हा माणूस नौपाड्यात, अस्सल मराठी वस्तीत वाढलेला बरं का. मी म्हटलं, सर, तुमच्या आईने आयुष्यात कशाला ‘उत्तम’ म्हटलंय का हो? ते हसले आणि मान परत स्क्रीनमध्ये घातली.

मग ताईंनी दौलतकाकांना तयार उत्तर पाठवलं. आमच्याकडे आठ तयार उत्तरं आहेत, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ काकांचं दुसरं पत्र आलं: मी विचारले एक, आपण सांगितले भलतेच. परत तयार उत्तर गेलं. तिसऱ्या पत्रात एवढंच होतं, “लोकांना आवडत नसेल तर उगाच कशाला. रविवारी सर्व व्हिडिओ पुसून टाकतो. कळावे.”

त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी सहा महिने भरून ताईंचा निकाल. आमच्या उत्तरांखालीही तीच पाच बटणं असतात, आणि कायम व्हायला सरासरी ‘छान’ लागते. ताई काठावर, जेमतेम टेकलेल्या. मी हात जोडले. “ताई, दोन दिवस गप्प बसा. सोमवारी काय हवं ते लिहा.”

“रविवारी तो माणूस सगळं पुसणार आहे गं. माझ्या चुकीपायी.”

आणि लिहिलंच बाईने, स्वतःच्या शब्दांत. “काका, तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक माझी आहे, तो शब्द मी निवडला. लोक तुम्हाला ‘बरं’ म्हणतात ते कौतुकानेच. आमच्या पट्टीला ते कळत नाही. व्हिडिओ पुसू नका.” पाठवून झाल्यावर पाणी प्यायल्या. चेहरा असा मोकळा मी तोवर कधी बघितला नव्हता.

शुक्रवारी दुपारी विनीत सरांनी बोलावलं, मी पण मागोमाग घुसले. तयार उत्तराचा नियम मोडल्याचं ते काही बोललेच नाहीत, त्यांनी ते वाचलंही नसेल. स्क्रीनवर फक्त सरासरी होती. छानच्या खाली, केसभर. सकाळी एक नवीन ‘बरं’ पडलेलं. कोपरीहून.

खाली काकांनी दोन ओळी लिहिलेल्या. “ताई, आपले उत्तर घरात सर्वांना वाचून दाखवले. व्हिडिओ ठेवतो. आपल्या माणसांच्या ‘बरं’ची किंमत आपल्यामुळे कळली, म्हणून ‘उत्तम’ न दाबता मुद्दाम ‘बरं’ दाबले आहे.”

मी ओरडले, सर, वाचा ना, माणूस काय लिहितोय! सर म्हणाले, “वाचलं. पण सिस्टीम आकडा घेते, सरोज. माझ्या हातात नाही.” ताईंनी त्या ओळी दोनदा वाचल्या, डोळे पुसले आणि हसल्या. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी बाहेर निघून गेले.

संध्याकाळी राहवेना, फोन केला. मागून दादांची हाक ऐकू येत होती, हेमा, ए हेमा.

“मधुकरराव काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणणार,” ताई म्हणाल्या. “‘बरं झालं’ म्हणाले.”