भाग न जाणारी शेळी

पुसेगावच्या बनाबाईच्या दोन्ही लेकांनी वेगळं व्हायचं ठरवलं. शेळ्या निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या, तरी एक तांबडी उरलीच. तिच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर होता. कॉलेजात गणित शिकणारी नात अंजली तो मोबाइलवर तपासून म्हणाली, "आज्जे, ही मूळ संख्या हाय. एक आन् ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात न्हाई."

"मंग शेळीला कसा जाईल?" बनाबाई म्हणाली.

थोरल्या रामप्रसादनं दोननं भागून पाहिलं, तेरानं पाहिलं. दर खेपेला बाकी उरून राहिली. धाकटा म्हणाला, "सरकारी नंबर हाय, दादा. आपलं काय चालतंय?"

"एकानं तर जातो ना?" म्हातारीनं दावं हातात घेतलं. "तो एक मी."

लेकांना ते बराबर वाटलं. तेव्हापासून तांबडी आईच्या खोलीत राहते, आणि दोघं भाऊ तिच्याशी जरा अदबीनंच बोलतात.