माळेखालचा क्लॅम्प

बायको गेल्यापासून माझं देवाशी जमत नव्हतं. कासारवाडीत माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. दर खंडेनवमीला हत्यारांना, चार्जरला हळदकुंकू लावायचो, पण ते रीत म्हणून. लावलं की मोकळा.

त्या वर्षी खंडेनवमीला मी चाकणच्या पुढे, धरणाकाठी लेकीच्या सासरी होतो. व्याह्यांची होडी माणसं पल्याड नेते, तीही बॅटरीवर. जुन्या बॅटऱ्या पार बसल्या होत्या, त्या काढून मी नव्या घातल्या. व्याही म्हणाले, "पूजा तुमच्याच हातची होऊ द्या." मी एका तारेचा क्लॅम्प, म्हणजे तार बॅटरीच्या टोकाला घट्ट धरणारी पकड, सैल करून टोक पुसलं, कुंकू लावलं, क्लॅम्पलाच देवीपुढची झेंडूची माळ बांधली. आरती झाली, पेढे आले आणि तो क्लॅम्प आवळायचा राहिला तो राहिलाच. नुसता टेकलेला होता.

दुपारी लेकीला अचानक कळा सुरू झाल्या. दुसरं बाळंतपण, दिवस अजून बाकी होते. रस्त्याचा वळसा फार मोठा, म्हणून तिला होडीत घेतलं आणि पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स बोलावली. ऐन मध्यावर होडी बंद पडली. मी मोटर उघडली, स्विच तपासला, वायरी चाचपल्या. बॅटऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण त्या मी बसवलेल्या! लेक कण्हत होती. कितीतरी वर्षांनी मनात देवीला म्हटलं, आई, माझी अक्कल संपली, आता तूच बघ.

होडीत एक अनोळखी म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "दादा, त्या माळंतलं एक फूल द्या की. पोरीच्या उशाला ठिवते. देवीचं हाय."

मला रागच आला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि हिला फूल हवंय! तरी माळ ओढली, तर तिच्यासोबत क्लॅम्पही वर आला. लाजेने माझी मान खाली गेली. पान्याने तो आवळला आणि मोटर सुरू झाली.

लेक वेळेत पोहोचली. नात झाली, दोघी सुखरूप. ते ऐकल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पोटभर रडलो. म्हातारी काठावर उतरून केव्हाच आपल्या वाटेला लागली होती, तिचं नावही मी विचारलं नाही. कुणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही. माझ्या हुशारीवर विसंबलो तोवर होडी पाण्यात उभी होती, एवढं मात्र मला माहीत आहे. मी आईकडे मदत मागितली आणि तिने माझीच चूक उचलून माझ्या हातात दिली. त्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.