अर्धा कोयता

प्रत्येक विषयात गणित आणा, असं प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, घ्या! आता मराठीच्या तासाला पाढे म्हणायचे. पण वरून आलं म्हणजे करावंच लागतं. नववीला म्हटलं, ज्यांत आकडा लपलाय असे शब्द सांगा. तिठा, चौक, पंचक्रोशी आले. मग खिडकीजवळची एक पोरगी उठली. "अर्धा कोयता."

आमच्या शिरूरकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा. मी खूश झाले. फळ्यावर लिहिलं, अर्धा अधिक अर्धा. म्हटलं, "अर्ध्याचा पुरा करायला काय लागतं गं?"

मागून पोरं ओरडली, "बायको!" वर्ग लई हसला. मीही हसले.

ती म्हणाली, "न्हाईतर पोरगी."

वर्ग हसतच राहिला. मला मात्र कळलं. तिच्या आईचं ऑपरेशन झालेलं, उसाची मोळी उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाप एकटा पडला होता.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या दिवशी मी तिच्या घरी गेले. बापाला म्हटलं, "पोरीला इथं वसतिगृहात ठेवा. हुशार आहे, वर्ष बुडेल तिचं." तो चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मुकादम अर्ध्याला घेत न्हाई. तुमीच सांगा, कुणाला नेऊ?" तिच्या आईनं चहा दिला, तो प्याले.

ट्रॅक्टरवरून पोरगी ओरडली, "मॅडम, परीक्षेला येते मी!"

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन जेवले, झोपले. पुढं अर्ध्या कोयत्याचा तोच तास शिक्षकांच्या बैठकीत नमुना पाठ म्हणून घ्यायला लावला. टाळ्या पडल्या. तेव्हाही काही वाटलं नाही, आत सगळं बधिर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निकालाच्या कामाला मी शाळेत बसले होते. ती दारात येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, बोटाला चिंधी बांधलेली, केस मात्र तेल लावून चापूनचोपून विंचरलेले.

"मॅडम, कालच आलो आमी. परीक्षा कधी हाय?"

"झाली गं," मी म्हटलं.