नवमीचा इसावा

दिंद्रुडच्या महारुद्र फोटोवाल्याला अक्कल भरपूर, पण दुसऱ्याचं ऐकायचं म्हटलं की कान बंद. स्टुडिओतला कंप्युटर त्यानं स्वतः जोडलेला. डिस्क बीडहून जुनीच घेतलेली, डबा भंगारातला. त्याच्यासमोर बसून निम्म्या गावानं लग्नाचे फोटो निवडले होते.

त्यात एक लग्न घरचं होतं, लेक ईश्वरीचं. पोर पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळासकट. मग बायको नीलम्माचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. जेवण झालं की नाही, ते आठवेना. लेक गेली, हे तर पार पुसलं. मात्र रोज दिवेलागणीला ती स्टुलावर येऊन बसायची. महारुद्र लग्नाचा व्हिडिओ लावायचा. ईश्वरी हसली की ही हसायची, मग चार घास खायची. एकदा वीज नव्हती, तर लेकीला हाका मारत गावभर फिरली होती. दुसरी प्रत जावयाकडे होती. त्यानं वर्षाच्या आत दुसरी बायको केली. मागायला जाणार कोण?

जुनी विंडोज बंद होणार, अशी पाटी पडद्यावर रोज येऊ लागली. नवा प्रिंटरही तिच्यावर चालेना. महारुद्रानं नवी चढवायला नेमकी खंडेनवमी धरली. त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं ना! शेजारच्या सुंदरराव शिंप्यानं मशीन धुऊन पुसून हार घातला होता.

"रुद्राप्पा, आज हत्याराला इसावा अस्तोय. उद्या कर की."

"तुझ्या कात्रीला नवमी कळती का बे?"

"मला कळती ना! बरं, पोरीचं लग्न दुसरीकडं उतरवून तरी ठिवलंस का?"

"मी जोडलेलं यंत्र हाय. फायली कुटं जात न्हाईत."

पडद्यावर टक्के चढू लागले. खाली लिहिलं होतं, बंद करू नका. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली; ती बदलायचा कंटाळा. तरी हा गृहस्थ सुंदररावाकडे पूजेचा पेढा खायला गेला.

नीलम्माला झेंडूचा वास आला असेल, किंवा शेजारची घंटा ऐकू आली असेल. सगळं विसरलेल्या बाईला तेवढं आठवलं. तिनं विळी धुतली, पाटा धुतला, मग स्टुडिओत येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. फडकं ओलं करून डबा पुसला, त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, फूल ठेवलं.

"नीले, काय केलंस हे?" महारुद्र दारातच ओरडला.

"इसावा दिला. किती गरम झालतं बिचारं!"

त्यानं बटण दाबलं. आतून कट कट आवाज आला, मग तोही थांबला. डिस्क सापडत नाही, एवढंच पडद्यावर उमटलं. त्यानं वायरी काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. बीडच्या दुरुस्तीवाल्यानं पुढं ती डिस्क कानाला लावली आणि तशीच परत दिली.

त्या संध्याकाळी नीलम्मा व्हिडिओ मागायला आली नाही. नवमी होती ना! दुसऱ्या दिवशी मात्र स्टुलावर हजर.

"लावा की वो. पोरगी वाट बगत आसंल."

महारुद्र म्हणाला, "आज न्हाई. आज खंडेनवमी हाय."

"हाय का? आन मला का म्हून सांगितलं न्हाई!" ती करवादली, पण उठली. फडकं आणलं, डबा पुसला, विभूती लावली. मग चार घास जेवली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या घरातली नवमी संपलेली नाही. सुंदरराव रोज एखादं फूल दारात ठेवून जातो. 'सांगत होतो' असं तो एकदाही म्हणाला नाही.

परवा फडकं फिरवता फिरवता नीलम्मा थांबली.

"लई दमलंय वो हे," ती म्हणाली. "इतका इसावा दिला, तरी उठंना."

महारुद्रानं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेली बाजू पुसून काढली.