साक्कोट्टैमागे कोण लपलंय?

आमच्या घरात मराठीचे दोन उपयोग आहेत. एक देवापुढे आणि दुसरा दुकानदारापुढे. पहिल्याबद्दल आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. दुसऱ्याबद्दल बोलत नाही, पण वापर त्याचाच जास्त. कुंभकोणमच्या कुठल्याही साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदाराशी गोडगोड तमिळ बोलायचं आणि मध्येच बायकोकडे वळून आपल्या भाषेत म्हणायचं, "काठ सुरेख आहे, पण चेहऱ्यावर दाखवू नकोस." दुकानदार हसत राहतो, आम्हीही हसतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय. पूर्वजांनी इतक्या दूर येऊन भाषा जपली ती निव्वळ संस्कृतीच्या प्रेमापोटी, असं कुणी म्हटलं की मी मान डोलावतो. वाद घालत नाही.

ही भाषा मोबाइलवरच्या लढाईतही कामाला येईल, हे मात्र पूर्वजांना सुचलं नसेल. ते मला सुचलं.

आमची कन्या कॉलेजात शिकते आणि फोनवर एक खेळ खेळते. दोघांविरुद्ध दोघं. एक ओसाड गाव, त्यात लपायचं, समोरच्यांना हुडकायचं आणि गोळी घालायची. मला तो पोरखेळ वाटायचा, पण ती त्यात फारच पुढे गेली होती. कोइम्बतूरच्या एका संघाने तिला कळवलं होतं, हा मोसम संपायच्या आत सर्वांत वरची श्रेणी गाठ, तुला घेतो. ती श्रेणी आता एका विजयावर आली होती आणि मोसम त्या रविवारी संपत होता. नेमकी तिची जोडीदार, माझ्या बहिणीची चेन्नईची मुलगी, नव्या नोकरीत अडकली. कन्येने घरात नजर फिरवली. तिची आई म्हणाली, "मला कामं आहेत." उरलो मी.

मला नेमबाजी येत नाही. लपता मात्र उत्तम येतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुणालाही येतं. त्या गावातल्या जागांची इंग्रजी नावं काही माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना कुंभकोणमच्या आसपासच्या खऱ्या गावांची नावं दिली. दक्षिणेला पडकं देऊळ होतं, ते साक्कोट्टै. नदीवरचा पूल म्हणजे मेलकावेरी. शेंड्यावर पक्षी बसवलेला उंच मनोरा होता, तो थेट हंस बसवलेल्या पितळी समईसारखा दिसायचा, म्हणून त्या समया जिथे घडतात ते नाचियार्कोविल्. कन्येला आधी लाज वाटली, मग तीही सरसकट तीच नावं घेऊ लागली.

तिला नेट माडीच्या जिन्यावर चांगलं मिळतं, मला खाली झोपाळ्यावर. म्हणून आम्ही फोनमधूनच बोलायचो. खेळात बोलायच्या दोन तऱ्हा आहेत. एक फक्त जोडीदाराला ऐकू जाईल अशी, दुसरी सगळ्यांना. पहिलीचं बटण माझ्या अंगठ्याखाली कधी नीट आलंच नाही. कन्याच म्हणाली, "राहू दे अप्पा, उघडंच ठेवा. कुणाला कळतंय?" समोर मदुरैची पोरं असायची, कोचीची, कधी हैदराबादची. मी झोपाळ्यावरून बेधडक ओरडायचो, "मी साक्कोट्टैमागे आहे, तू पुलावरून ये," आणि ती बिचारी पोरं माझ्या शेजारून निघून जायची. त्या आठवड्यात आम्ही सपाटून जिंकलो. मी कॉफी पिता पिता शेजाऱ्यांना डावपेच सांगू लागलो होतो.

याच आठवड्यात कन्येच्या वर्गातला एक मुलगा पकडला गेला. त्याने बाहेरून एक ॲप आणून खेळाला जोडलं होतं. त्यातून भिंतीपलीकडे लपलेली माणसं दिसत. जेवताना कन्या त्याच्यावर भलतीच तापली होती. मला उगाच डिवचायची लहर आली.

"मीही चष्मा लावतो. ती बाहेरची मदतच की."

"चष्मा समोरच्याला दिसतो, अप्पा. आपल्याकडे काय आहे हे समोरच्याला ठाऊकच नसेल, तर ती चोरी."

बायको रसम वाढता वाढता थांबली. "मग साडीच्या दुकानात तुम्ही माझ्याशी जे बोलता ते?"

"ती भाषा आहे," मी म्हणालो.

"भाषा डाउनलोड करावी लागत नाही, आई," कन्या म्हणाली.

"बरं बरं. भात घ्या."

रविवारी जेवणं झाल्यावर सामना सुरू झाला. तीन फेऱ्या, ज्याच्या दोन त्याचा सामना. पहिल्या फेरीत काय होतंय तेच मला कळेना. मी साक्कोट्टैमागे लपलो, गोळी आली. पुढच्या खेपेला पुलाखाली बसलो, तिथेही आली. कन्येला म्हणालो, "मी झुडपात आडवा पडतो, पाय तेवढे बाहेर राहतील," तर नेमकी पायांवर. समोरचे दोघं तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. फेरी आम्ही हरलो.

जिन्यावरून कन्येचा आवाज आला, "हे भिंतीपलीकडचं बघतायत. ॲपच आहे."

"चोर आहेत लेकाचे," मी म्हणालो. "कर तक्रार."

तिने बटण दाबलं. तक्रार खरी ठरली तर सामना आम्हाला मिळणार आणि त्यांचं खातं कायमचं बंद होणार. मला आतून गुदगुल्या झाल्या. दुसरी फेरी मी फारच आरामात सुरू केली.

"तू नाचियार्कोविलवर चढ," मी ओरडलो. "मी इकडे त्यांना नादी लावतो."

फोनमधून एका मुलीचा आवाज आला. "वर चढू नगंस गं ताई. मी आदीच वर बसलीया."

झोपाळा थांबला. दारातून आत येणारी बायकोही थांबली.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"व्हय काका. इचलकरंजीच्या. बहिणी-बहिणी हाय आमी. तुमी?"

"कुंभकोणम."

"ते कुठं आलं?"

"तंजावरपाशी. तमिळनाडूत."

"आन् असं का बोलताय मग? जुन्या कागदात असतं तसं? आमाला वाटलं मुद्दाम नाटक करताय."

मागून दुसरी हसत म्हणाली, "दीदी, आधी मार त्यांस्नी, मग इचार."

दीदीने मारलं.

कन्या फोन हातात घेऊन जिना उतरून खाली आली. तिचा चेहरा बघून मी चष्मा पुसायला घेतला. तिने फोनमध्ये विचारलं, "साक्कोट्टै कुठलं ते तुम्हाला कसं कळलं?"

"काकाच म्हनले की. 'साक्कोट्टै म्हंजे ते पडकं देऊळ, विसरलीस का?' लई हसलो बगा आमी. पायाचं तर इचारूच नगा."

"पण हे बरोबर नाही," मी म्हणालो. "आम्हाला कळतं, असं तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"का?" बायको दारातूनच म्हणाली. "आजवर एका तरी दुकानदाराला तुम्ही विचारलंत का, बाबा रे, तुला कळतंय का म्हणून?"

पण मुलीचं कोइम्बतूर डोळ्यांसमोर होतं. मी आवाज खाली आणला आणि चक्क तमिळमध्ये कन्येला म्हणालो, तक्रार गेलीच आहे, राहू दे, तपासणारे काय ते ठरवतील. आपण कुठे खोटं बोललो? आपल्याला तसं वाटलं होतं.

फोनमधून लगेच आवाज आला, "काका, आता काय बोलताय ते कळंना. ही चीटिंग हाय."

कन्या हसली नाही. झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने ती तक्रार पुन्हा उघडली. मग फोनमध्ये म्हणाली, "मी तुमच्याविरुद्ध तक्रार केलीय. आता काढून घेते." त्या हसऱ्या मुलींना तोवर काहीच माहीत नव्हतं. तिने खेळ चालवणाऱ्यांना लिहिलं, सोबत पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग जोडलं, माझ्या सगळ्या आरोळ्यांसकट. मी खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं, समोरच्या दोघींकडे काही नव्हतं. आमच्याकडे होतं, ते बिघडलं.

"ते म्हणजे मी का?" मी विचारलं.

"अप्पा, तुम्ही आत जाता का?"

सामना गेला, मोसम संपला, श्रेणी हुकली. कोइम्बतूरवाल्यांनाही तिने जे झालं ते सांगितलं. त्यांनी ते रेकॉर्डिंग मागवून घेतलं. का, ते मला कळलं नाही, पण मागवताना ते हसत होते म्हणे. पुढच्या मोसमात श्रेणी गाठ, मग बघू, म्हणाले.

इचलकरंजीच्या बहिणी आता तिच्या मैत्रिणी आहेत. अधूनमधून विचारतात, काका हल्ली कुठं लपतात? साडीच्या दुकानात मी अजूनही बायकोशी आपल्या भाषेत बोलतो, पण आधी दुकानदाराच्या तोंडाकडे नीट बघून घेतो. तो हसतो तो कशाला, हे आता नक्की सांगता येत नाही.

काल कन्या पुन्हा त्याच पायरीवर आली. एक विजय बाकी. तिच्या चेन्नईच्या आतेबहिणीने रजा टाकली होती. कन्या हेडफोन लावत जिना चढली, अर्ध्यात थांबली आणि झोपाळ्यावरच्या माझ्याकडे वळली.

"अप्पा, साक्कोट्टैला जाऊन या."

"खेळातल्या की खऱ्या?"

"खऱ्या. आणि मी फोन केल्याशिवाय निघू नका."

मी चपला घातल्या.